डावीकडचा समुद्र

"बाबा, ही गाडी चालते का, की नुसती पुसायचीच असते?"

ईश्वरीनं एका दमात विचारून टाकलं आणि फाटकापाशी स्कूटीवर बसलेल्या जसलीन आणि अवनीकडे मुद्दामच पाहिलं नाही. पैज त्यांची होती. "तू पूछेगी? अंकल से? तू?" असं जसलीन म्हणाली होती, आणि त्या शेवटच्या 'तू'नं काम केलं होतं. मागच्या वर्षीची ईश्वरी असती तर गालातल्या गालात हसून आत पळाली असती. पण या वर्षी तिनं शाळेच्या गॅदरिंगचं सगळं सूत्रसंचालन केलं होतं, माइक बंद पडल्यावरसुद्धा.

बाबा शिडीवर उभे राहून मोटरहोमचं छप्पर पुसत होते. हवाई दलातून निवृत्त होऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. चंदीगडबाहेर पिंजौर रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी टेम्पो ट्रॅव्हलरची बाकं काढून आत पलंग, शेगडी, बेसिन, भिंतीत मिटणारं टेबल असं सगळं बसवून घेतलं होतं. वर्कशॉपच्या माणसानं ती आणून घरासमोर लावली, ती दिवाळीपासून जागची हलली नव्हती. मधून मधून इंजिन सुरू व्हायचं, पाच मिनिटं घुरघुरायचं आणि बंद व्हायचं.

बाबा खाली उतरले. फडका नीट घडी करून शिडीच्या पायरीवर ठेवला.

"कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही. जनतेचा प्रश्न आहे."

अवनी खुदकन हसली. बाबाही हसले, पण किल्ली आणायला आत गेले ते बऱ्याच वेळानं बाहेर आले.

योजना सगळ्या मैत्रिणींना पाठ होती, कारण ईश्वरीनं ती प्रत्येक डब्याच्या सुट्टीत सांगितली होती. दहावीचा शेवटचा पेपर झाला की निघायचं. वेंगुर्ल्यापर्यंत खाली उतरायचं आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानं वर, गुहागरजवळच्या गावापर्यंत. तिथं अंशुमन काकानं आजोबांची काजूची बाग साफ करून तंबूंसाठी ओटे बांधायला घेतले होते. बाबा आणि आई तिथं कॅम्पसाइट चालवणार, ईश्वरी रत्नागिरीत अकरावीला जाणार आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांवर हुकूमत गाजवणार. "खालून वर जायचं, उलट नाही," बाबा नकाशावर बोट ठेवून सांगायचे. "म्हणजे समुद्र सगळा वेळ डावीकडे. तुझ्या आईच्या खिडकीत."

सेक्टरच्या मागचं दसऱ्याचं मैदान रविवारी रिकामं असायचं. जसलीननं आपल्या घरच्या रंगकामातल्या रिकाम्या बादल्या आणल्या आणि ईश्वरीनं त्या दोन ओळींत मांडून कोकणातला रस्ता केला. मे महिन्यात काकाच्या मोटरसायकलवर मागे बसून तिनं तो पाहिला होता. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, कमरेएवढ्या भिंती, आणि समोरून एस.टी. आली की कुणीतरी पोट आत घ्यायचं.

"एस.टी. कौन बनेगा?"

"मैं!" जसलीननं स्कूटीचा हॉर्न दाबूनच उत्तर दिलं.

"मी मार्शलर," ईश्वरी म्हणाली.

ते तिला लहानपणापासून येत होतं. विमान धावपट्टीवरून जागेवर येतं तेव्हा पुढे डाव्या बाजूला एक माणूस हातात बॅट घेऊन उभा असतो. तो सांगेल तिकडे वळायचं, तो दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरेल तिथं थांबायचं. वैमानिकाचा हुद्दा काहीही असो, जमिनीवर त्या माणसाचं ऐकायचं. बाबांनी तिला हे अंगणात शिकवलं होतं. ती तीनचाकी सायकल चालवायची, आणि स्क्वाड्रन लीडर असलेले बाबा टेबल टेनिसच्या बॅटा घेऊन तिच्यापुढे उलटे चालायचे. "आणि मार्शलर दिसेनासा झाला तर?" ते विचारायचे. "ब्रेक!" ती ओरडायची.

आज बॅटा तिच्या हातात होत्या.

गाडी बादल्यांमधून सरळ आली, इतकी सरळ की अवनीनं शिट्टी मारली. समोरून जसलीन बोंबलत निघाली, "हटो हटो, राजापूर डेपो!" (ते नाव तिला ईश्वरीनंच शिकवलं होतं.) बाबांनी गाडी डावीकडे घ्यायला सुरुवात केली. ईश्वरी पुढे डावीकडे होती, रस्त्याकडेच्या मोरीच्या जागी ठेवलेल्या बादलीपाशी. तिनं बॅटा हळूहळू जवळ आणल्या. अजून थोडं. अजून. मग हात वर करून फुली केली.

गाडी येत राहिली.

तिला बाबांचा चेहरा काचेतून स्वच्छ दिसत होता. शांत, लक्ष देणारा, विमान उतरवतानाचा असावा तसा. ते समोर जसलीनकडे पाहत होते. ईश्वरीनं फुली मोडली, पुन्हा केली, बॅटा जोरात हलवल्या. मग तिनं मागे उडी मारली आणि जिथं तिचे पाय होते तिथं चाक बादलीवर चढून बादली फटकन फुटली.

बाबा उतरून पुढे आले. बादलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"हात उशिरा केलास, ईशू."

"अंकल, उसने तो—" जसलीन म्हणाली.

"हो बाबा. सॉरी," ईश्वरी म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

हे आपण का म्हणालो ते तिला कळेना. जसलीन तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिली. बाबांनी बादलीचे तुकडे गोळा केले. डाव्या चाकामागे पडलेला मोठा तुकडा मात्र तिथंच राहिला. तो ईश्वरीनं उचलला.

दुपारी जेवायला वालाची उसळ होती. ईश्वरीनं लिंबाच्या लोणच्याची बरणी बाबांच्या ताटाच्या डावीकडे ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसली.

"लोणचं संपलं का गं?" बाबांनी विचारलं.

आईनं मान वर न करता बरणी उचलली आणि त्यांच्या उजवीकडे ठेवली. मीठ वाढावं इतक्या सहज. ईश्वरी बघतच राहिली. आणि मग एकेक करून बाकीच्या गोष्टी तिच्यासमोर येऊन उभ्या राहायला लागल्या. पाण्याचा तांब्या हल्ली उजवीकडेच असतो. सुखना तलावावर फिरताना आई नेहमी बाबांच्या डाव्या हाताला चालते, दंडाला धरून, आणि आपण त्यावरून त्यांना चिडवलंसुद्धा. बाजारात जाताना गाडी आई चालवते, कारण बाबांना ट्रॅफिकचा कंटाळा येतो. वैमानिकाला! चंदीगडच्या ट्रॅफिकचा!

बाबा वामकुक्षीला गेले तशी ती स्वयंपाकघरात शिरली. आई मेडिकल इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजी शिकवायची. भांडीसुद्धा ती काचेच्या नळ्या धुवाव्यात तशी धुवायची.

"आई, बाबांना डावीकडचं दिसत नाही."

नळ चालू राहिला.

"आई."

"हळू बोल."

"तुला माहीत आहे."

आईनं नळ बंद केला. हात पुसले, मग कोरडे झालेले हात पुन्हा पुसले.

"काचबिंदू आहे," ती म्हणाली. "दाढीच्या सामानात थेंबांची बाटली दिसली मला. मागच्या पावसाळ्यात. औषधाचं नाव वाचलं की कळतंच ना. डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याचाही नाकाकडचा भाग जातोय. गेलेलं परत येत नाही. असलेलं टिकावं म्हणून ते थेंब."

"मग तू बोलली नाहीस?"

"त्यानं मला सांगितलेलं नाही, ईशू."

"म्हणून काय झालं? यार आई, तू डॉक्टर लोकांमध्ये बसतेस रोज!"

"म्हणूनच." आई ओट्याला टेकली. "तुला ठाऊक नाही. दर वर्षी वैमानिकांची मेडिकल असायची. आठ दिवस आधीपासून घरात कुणी शिंकायचं नाही. साधा कान दुखला तरी हा डॉक्टरकडे जायचा नाही, एकदा लिहिलं गेलं की उडणं बंद. सगळेच तसे. आता मेडिकल नाही, विचारणारं कुणी नाही. मी विचारलं तर मी मेडिकल झाले."

"आणि एप्रिलमध्ये? गाडीत तू बसणार ना त्यांच्या डावीकडे? मी मागे?"

"रोज ठरवते, आज बोलायचं," आई म्हणाली. "मग तो मला ते टेबल उघडून दाखवतो, मिटून दाखवतो. मी म्हणते, छान झालंय."

ईश्वरीला खूप मोठ्यानं काहीतरी म्हणायचं होतं. वादविवाद स्पर्धेत ती समोरच्याला तीन वाक्यांत गार करायची. इथं समोर कुणी नव्हतंच. एक आई होती, तिच्या हातात फडका होता, आणि ती रडत नव्हती.

"मी बोलते," ईश्वरी म्हणाली. "मी आत्ता बोलते."

आईनं तिला अडवलं नाही. तेच जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळचं ऊन जांभळाच्या झाडातून गाडीवर पडलं होतं. बाबा आत पलंगावर बसून मसाल्याच्या डब्यांसाठी फळीला पट्टी ठोकत होते. ईश्वरी चढली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली. त्यांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे हसले. हे मान वळवणंही नवंच होतं. आजवर ते आपल्या लक्षात कसं आलं नाही?

"बघ, वळणावर डबे पडणार नाहीत आता."

"बाबा."

"अंशुमननं फोटो पाठवलेत. दोन ओटे झालेसुद्धा. तिसरा त्या रायवळ आंब्याखाली घेऊ म्हणतोय, मी म्हटलं, वेड्या, आंबे पडतील तंबूवर." ते हसले. मग हातोडी मांडीवर ठेवली. "तुला गंमत सांगू? मी सत्तावीस वर्षांत किनाऱ्यावरून उडालो असेन कितीदा. वरून समुद्र म्हणजे नुसती कड. एक पांढरी रेघ. तिच्याजवळून हळू, हळू जायचं असं तेव्हापासून मनात आहे. तीस-चाळीसच्या वेगानं. वाटलं तिथं थांबायचं, चहा करायचा. कुणाची परवानगी घ्यायची नाही."

ईश्वरीनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. 'बाबा, तुम्हाला मी दिसले नव्हते.' एवढंच. पाच शब्द. तिनं गॅदरिंगमध्ये साडेसातशे माणसांसमोर बंद माइकनं बोलून दाखवलं होतं.

बाबांनी पुन्हा मान वळवली.

"काही म्हणालीस?"

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला नीट सांगता आलं नसतं. ते तिच्या बोलण्याची वाट पाहत होते, आणि तिनं बोलू नये अशीही वाट पाहत होते. सकाळी बादलीपाशी त्यांच्या डोळ्यांत हेच होतं. म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. हात उशिरा झाले नव्हते, हे त्यांना तिच्याइतकंच माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "पट्टी छान बसलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं म्हणून शाळा उशिरा होती. तिघं चहाला बसले होते. बाबा फोनवर काकाशी बोलत होते. "नाही नाही, एप्रिल पक्का. ईशूचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी हलतो. पहिले पाहुणे घेऊन टाक." आई ब्रेडला लोणी लावत होती. लावलेल्या ब्रेडला पुन्हा लावत होती.

फोन ठेवल्यावर ईश्वरीनं कप बाजूला सरकवला.

"मला रत्नागिरीला यायचं नाही. मी अकरावी-बारावी इथंच करणार."

"काय?" बाबा म्हणाले. "अगं, तूच तर कालपर्यंत—"

"कालपर्यंत. आता नाही. माझ्या मैत्रिणी इथं आहेत, क्लास इथला चांगला आहे."

"बरं." बाबांनी बोटं टेबलावर जुळवली. "मग हॉस्टेल बघू. त्यात काय? तू दिल्लीला मावशीकडे एकटी गेलीस, सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवरून बस पकडून. आम्हाला तर वाटलं, हिला आता आमची गरजच नाही."

हे वाक्य ऐकण्यासाठी ईश्वरीनं सगळं वर्ष घालवलं होतं. घरात आईच्या मागे लपणारी मुलगी म्हणून नातेवाइकांत तिची ओळख होती, ती पुसायला केवढी मेहनत पडली होती. बसच्या खिडकीत बसून ती पानिपतपर्यंत मोठ्यानं गात गेली होती आणि शेजारच्या सरदारजींनी तिला शेंगदाणे दिले होते.

"त्या बसमध्ये मी पूर्ण वेळ रडत होते," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही."

आईचा हात ब्रेडवर थांबला. तिनं ईश्वरीकडे पाहिलं, आणि लगेच खाली पाहिलं.

बाबांचे खांदे किंचित खाली आले, कुणीतरी मागून ओझं काढून घ्यावं तसे. मग ते रागावले. पण रागावायला त्यांना जरा वेळ लागला.

"म्हणजे तुझ्यासाठी आम्ही सगळं थांबवायचं? अंशुमनला काय सांगू मी? ओटे बांधून झालेत तिकडे! एवढी सोळा वर्षांची घोडी झालीस—"

"हो," ईश्वरी म्हणाली. आवाज कापला. कापायचा नव्हता, पण बरंच झालं. "माझं ठरलंय. मला एकटीला राहायला भीती वाटते. तुम्ही दोघंही कुठे जायचं नाही. काकाला सांगा, ईशू ऐकत नाही."