सीडी रायटरची खंडेनवमी

चौथी सीडीही अर्ध्यावर मान टाकून बाहेर आली, तेव्हा वैजनाथने तिच्यावर फुंकर घातली, सदऱ्याच्या टोकाने ती पुसली आणि तीच पुन्हा आत सरकवली. एकदा बिघडलेल्या सीडीवर पुन्हा काही उतरत नाही, हे मधुवंतीने त्याला दोनदा सांगितले होते. संग्रामपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती वनस्पतिशास्त्र शिकवत असे. मठ्ठ विद्यार्थी निदान परीक्षेपुरते तरी ऐकतात, असे तिचे मत लग्नानंतर बनले होते. वैजनाथ कचेरीत कारकून; संगणकाच्या कोर्सचे प्रमाणपत्र त्याने चौकटीत बसवून याच संगणकाच्या वर टांगले होते.

"सीड्याच डुप्लिकेट आहेत," तो म्हणाला. "नाही तं व्हायरस असंल."

"किंवा शनी असेल," मधुवंती म्हणाली.

समोर शेतकरी सईद घड्याळाकडे पाहत बसला होता. अळी न लागणारे बीटी बियाणे म्हणून विकत घेऊन पेरलेल्या त्याच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, हिरवी बोंडअळी यथेच्छ जेवत होती, आणि मधुवंतीने तिची छायाचित्रे काढली होती. बियाण्याच्या तक्रारीची पाहणी करायला शेतात यायचे की नाही, हे कृषी खात्याची समिती आज दुपारी ती छायाचित्रे पाहून ठरवणार होती. तीही फक्त सीडीवर. गावातला एकुलता एक स्टुडिओवाला माल आणायला अकोल्याला गेलेला.

"आज नाही पोचलो तं समिती दिवाळीनंतर बसते, मॅडम," सईद म्हणाला. "तवर अळी खाऊन मोकळी होते. मंग साहेब म्हणतीन, दाखव अळी."

मधुवंतीने नवऱ्याला खुर्चीवरून उठवले आणि त्याची जुनी गाण्यांची सीडी आत घातली. तीही यंत्राला वाचता येईना. म्हणजे कोऱ्या सीड्या निर्दोष होत्या.

"हे शेवटचं नीट कधी चाललं?"

"दसऱ्याच्या आधी."

"आणि दसऱ्याला काय केलंत?"

"दसऱ्याले काही नाही. खंडेनवमीले पूजा केली. हत्यारं पुजतोच ना आपण?"

"कुठे केली?"

"डब्ब्याले हळदकुंकू लावलं. मंग बटन दाबलं, तं तो ट्रे हातासारखा समोर आला. त्याच्यावर अक्षता ठेवल्या, कुंकू वाह्यलं. मंग तो आपोआप आत गेला. मले वाटलं, स्वीकारलं."

सईदने खाली पाहिले. "भाऊ, शरमू नका. आमच्या मशिदीतल्या माईकले एकानं अत्तर चोळलं होतं. आठ दिवस अजान नुसती खोकून राह्यली होती."

मधुवंती हसली नाही. तिने वीज बंद केली आणि पेचकस उचलला.

"पूजेची वस्तू आहे ते," वैजनाथ म्हणाला. "खोलतं काऊन?"

"प्रसाद काढायला."

आत तांदळाचे दाणे होते. फिरत्या सीडीने उधळलेले कुंकू लेसरच्या भिंगावर बसले होते. प्रकाश अडला की लेखन अडते. एवढी साधी गोष्ट समजायला या घरात चार सीड्या आणि एक पेचकस लागला होता. तिने कानकोरण्याचा कापूस स्पिरिटमध्ये भिजवून भिंग पुसले, दाणे आणि कुंकू झटकले, यंत्र जोडले आणि वेग सर्वांत कमी ठेवला. नवी सीडी पूर्ण झाल्यावर एकेक छायाचित्र उघडून पाहिले. तोवर तिने सईदला उठू दिले नाही.

"झाली ना," वैजनाथ म्हणाला. "देवापुढे ठेवून मंग दे."

मधुवंतीने सीडी सरळ सईदच्या हातात दिली. त्याने ती सदऱ्याच्या आत ठेवली आणि मोटारसायकलला लाथ घातली.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"परवा येतो म्हणाले, मॅडम. अळी अशी मोठी दिसली पडद्यावर, एक साहेब तं खुर्चीसकट मागं सरकला."

"मग परवापर्यंत फवारणी करू नका."



"म्हंजे तिले खाऊ द्यायचं?"

"खाऊ द्या. साहेबांचा विश्वास फक्त तिच्यावर आहे."