वॉशिंग मशीनची पुस्तिका

पैकीच्या पैकी गुण दिसले की लोकांना आनंद होतो, मला शंका येते. त्यातून या वेळी ते गुण मिळवणारी माहितीपुस्तिका माझ्या दिरानं लिहिलेली.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एखादं सॉफ्टवेअर एआय एजंटच्या, म्हणजे माणसाऐवजी कामं करणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती द्यायचं, सोबत फक्त त्याची माहितीपुस्तिका द्यायची आणि चार कामं सांगायची. एजंट चुकला तर दोष पुस्तिकेचा. माणूस अर्धवट लिहिलेलं समजून घेतो, अडलं तर शेजारच्याला विचारतो. एजंट लिहिलंय तसं करून मोकळा होतो.

या वेळचं सॉफ्टवेअर डायलिसिसच्या वेळा बदलण्याचं होतं. पुस्तिका पास झाली की सोमवारपासून एजंट खऱ्या रुग्णांच्या वेळा हलवणार होता. माझ्या सासूबाई त्याच दवाखान्यात जातात, मंगळवारी आणि शुक्रवारी. शिवाय भावजींची नोकरी अजून कच्ची होती, ती या निकालावर पक्की व्हायची होती.

आमचे भावजी म्हणजे स्वतःच्या चहात साखर घालायला विसरणारा माणूस. तो पहिल्याच फटक्यात पैकीच्या पैकी? चाचणीतली कामं मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून ठरवली होती, आणि तेवढ्यात भावजी पाणी प्यायला दोनदा आले होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्यांना माझ्या टेबलाशी बोलावलं.

"भावजी, खरं सांगा. माझी चाचणी आधी पाहिलीत?"

"वहिनी, तू मला चोर म्हणतेयस?"

"चोर कुठे म्हणतेय? त्या दिवशी तहान फार लागली होती तुम्हाला, एवढंच म्हणतेय."

त्यांचे कान लाल झाले. "घे की मग पुन्हा चाचणी. माझ्यासमोर घे."

घेतली. फक्त या वेळी त्यांची पुस्तिका काढून टाकली. उत्तरं त्यांनी तिच्यात पेरून ठेवली असतील, तर तिच्याविना एजंट तोंडावर पडायला हवा होता. काहीतरी वाचायला द्यायचं म्हणून आमच्या घरच्या वॉशिंग मशीनची पुस्तिका दिली.

लोकरीचे कपडे थंड पाण्यात धुवावेत, हे एजंटनं वाचलं आणि सगळ्या रुग्णांच्या वेळा बिनचूक बदलल्या. पैकीच्या पैकी.

भावजी खो खो हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले.

"वहिनी, हा वाचतच नाहीये."

"मग त्याला येतंय कुठून?"

उत्तर समोरच होतं. आमच्याकडे चाचणीआधी साहेबांना प्रात्यक्षिक दाखवायची रीत आहे. त्यात फजिती नको म्हणून एजंटला हाताला धरून चाचणीतलीच सगळी कामं करून घेतात. त्यानंतर चाचणीच्या संगणकावरच्या सगळ्या नोंदी पुसून मशीन कोरं करायचं असतं. पण त्याला वेळ लागतो, म्हणून हल्ली कुणी पुसत नव्हतं. सकाळच्या प्रात्यक्षिकातल्या आज्ञा तिथेच पडलेल्या होत्या आणि एजंट त्याच पाहून पुन्हा देत होता. दिराच्या पाण्याच्या ग्लासावर मी संशय घेतला होता, माझ्या नाकाखालच्या मशीनवर नाही. मला लाज वाटली.

"चुकले मी, भावजी."

"ते राहू दे. आता मशीन पूस आणि माझी पुस्तिका दे त्याला."

पहिली कामं नीट झाली. मग एका रुग्णाची वेळ सकाळची करायची होती. भावजींनी लिहिलं होतं, आधी जुनी वेळ सोडा, मग नवी घ्या. एजंटनं जुनी सोडली. सकाळची जागा शिल्लक नव्हती. तोवर जुनी दुसऱ्या रुग्णाला गेली. रुग्णाच्या हाती एकही वेळ उरली नाही, आणि एजंटनं कळवलं, काम पूर्ण.

चाचणीतला रुग्ण खोटा होता. पण सोमवारनंतर तिथे सासूबाईही असू शकल्या असत्या. भावजींनी पुस्तिकेतली ती ओळ पुन्हा वाचली.

"नवी वेळ मिळाल्याशिवाय जुनी सोडायची नाही, हे कुणालाही कळतं गं."

"कुणालाही कळतं. त्याला लिहून द्यावं लागतं."

"तू मघाशी गप्प बसली असतीस, तर मी पास होतो."

"हो."

त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "नापास लिही. माझ्यासमोर लिही." मी लिहिलं.

संध्याकाळी सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय रे, पक्की झाली का नोकरी?"

"नाही, आई. नापास झालो."

"कुणी केलं?"

"वहिनीनं."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल काढायची विसरले. भावजी म्हणाले, "बरं केलं तिनं."

सासूबाईंना ते पटलेलं दिसलं नाही. त्या आत वळल्या आणि मग आठवण होऊन थांबल्या. "ते असू दे. मंगळवारी माझ्याबरोबर दवाखान्यात कोण येतंय? गेल्या वेळी कुणालाच सवड नव्हती."

"मी," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

सासूबाई आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे पाहू लागल्या. "दोघंही? माझ्यापासून काय लपवताय रे?"