तीस पानांवर सही, एका पानावर चूक

मित्रांनो, बकरीच्या कानावर उमटलेला गोल शिक्का तुम्ही कधी पाहिलाय? नसेल पाहिला, तर माझ्याशी ओळख करून घ्या. तो ठसा माझाच होता. कचेरीचा शिपाई शालिकराम मला खिडकीत वाळत ठेवून चहाला गेला, तेवढ्यात एका बकरीने माझ्यावर कान टेकला. पुढे तीन महिने ती बकरी रोज साडेदहाला कचेरीच्या दारात हजर व्हायची. एकही रजा नाही! खोटे वाटत असेल तर शालिकरामला विचारा. तोही हेच सांगेल, कारण त्याला ही गोष्ट मीच शिकवली आहे.

कारंज्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. मूठ बाभळीची आणि पोटाला काळे रबर. त्या रबरावर वाशीम जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजचे नाव कोरले. कोणते, ते सांगत नाही. नाव उलटे कोरलेले असल्यामुळे मलाच ते नीट वाचता येत नाही.

उमेदीच्या काळात माझा काय रुबाब होता! मी टेकलो की कागद पक्का. एकदा शालिकरामच्या बशीवर उमटलो, तर तिला फोडायची कुणाची छाती होईना. मग संगणक आले. सह्यासुद्धा त्यावरच होऊ लागल्या, आणि मी टाचण्या अन् गंजलेल्या किल्ल्यांबरोबर खणात जाऊन पडलो. माझे तोंड शाईने कडक झाले. कुणी विचारपूस करेना.

अशातच पौर्णिमा आली. वय तेवीस, नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर. कॉलेजला दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेने सिकलसेल या रक्ताच्या आजारावर संशोधन करायला अनुदान दिले होते. गावागावांत जाऊन गरोदर बायांचे रक्त तपासणे कॉलेजला एकट्याने जमणार नव्हते. म्हणून कामाचा काही भाग कामरगावच्या एका महिला मंडळाकडे सोपवायचा होता. याला कचेरीत उप-अनुदान म्हणतात. मोठ्या ताटातला घास लहान ताटात वाढायचा, पण घासाआधी एकतीस पानांचा करार वाढायचा! तो करार तयार करणे, सह्या घेणे, दिल्लीला पाठवणे हे पौर्णिमाचे काम. दिल्लीवाल्यांना शाईचाच ठसा हवा होता, म्हणून तिने मला खणातून काढले, ओल्या फडक्याने माझे तोंड पुसले. मित्रांनो, त्या दिवशी मी पुन्हा जन्मलो.

शेवटची तारीख उजाडली. संध्याकाळी पाचपर्यंत करार पोचला नाही, तर कामरगावची तपासणी रद्द होणार होती. आणि पौर्णिमाचे सहा महिनेही त्याच आठवड्यात संपणार होते. सकाळी मंडळाचे पाकीट आले. शालिकरामने चष्मा न लावताच पाने फडफडवली.

"पौर्णिमाताई, टेंशन नको घेऊ. सगळीकडं सही हाय."

ती हसली, मला शाईत बुडवले आणि पहिल्या पानावर दाबले. मी उमटलो नाही. शाई सुकली होती असे ती म्हणेल. मी सांगतो, मी श्वास रोखून धरला होता. कारण माझी रीत अशी, की सहीला थोडा खेटून बसायचे. इथे खेटायला कुणी नव्हतेच! पौर्णिमाने कागद जवळ घेतला. सहीच्या जागी लाल पेनाने, वळणदार अक्षरात लिहिले होते: "सही". दुसऱ्या पानावर "सही". तिसऱ्यावरही तेच.

तिने मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. या भागिरथाबाई, निवृत्त शिक्षिका.

"बाई, तुमी सही नाही केली!"

"काहून नाही? तूच चिठ्ठीत लिवलं ना, पानन् पान तपासून सही करा म्हणून. तपासलं. जे बरोबर हाय त्याले सही लिवलं."

"अवो बाई, सही म्हंजे तुमच्या नावाची सही!"

बाई म्हणाल्या, "मंग तसं लिवाव ना पोरी. पस्तीस वर्षं पोरायच्या वह्या तपासल्या मी. अन् अकरावं पान पाह्यलं का तू?"

पौर्णिमाने अकरावे पान काढले. तिथे "सही" नव्हते. तिथे "चूक" होते, खाली दोन रेघा.

"कामरगाव तालुका मानोरा लिवून ठेवलं तुमी. आमचं गाव कारंजा तालुक्यात हाय. उचलून कोणी नेलं त्याले?"

मित्रांनो, तो करार तीन साहेबांच्या टेबलांवरून आला होता. तिघांनी माना डोलावल्या होत्या. गावच चुकीच्या तालुक्यात गेल्यावर दिल्लीवाले तो तसाच परत पाठवणार, हे नक्की. वाचला तो फक्त भागिरथाबाईंनी.

"बाई, आज पाचच्या आत याल का? माझी नोकरी—"

"रडू नको. जीप उभीच हाय स्टँडवर."

पौर्णिमाने अकरावे पान दुरुस्त केले, सगळा करार नव्याने छापला. तीन वाजले, बाई नाहीत. साडेतीन झाले. शालिकराम फाटकापर्यंत चार चकरा मारून आला. पावणेचारला बाई दारात उभ्या राहिल्या, पदराने घाम पुसत.

"कुठं करू सही? नीट सांग, नाहीतर पुन्हा लिवीन!"

शालिकराम असा हसला की माझी शाईची डबी हलली. बाईंनी एकतीस वेळा नाव लिहिले, आणि एकतीस वेळा मी त्यांच्या नावाला खेटून बसलो. एकदाही पुसट झालो नाही, शपथ. चार वाजून पन्नास मिनिटांनी करार स्कॅन होऊन ईमेलने दिल्लीला गेला. पाचला उत्तर आले: मिळाला, मान्य. पौर्णिमा खुर्चीत मागे टेकली. दिवसभर अडकलेला श्वास तिने इतका मोठा सोडला की समोरचे कॅलेंडर दोन महिने पुढे उलटले. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जेवली का तू?" "नाही." "मंग चल."

आता पौर्णिमा कायम झाली आहे. कामरगावात तपासणी सुरू आहे. ती चिठ्ठीत आता लिहिते, "वाचून पाहा, चुका कळवा, मग खाली आपले नाव लिहा."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कागदावर गोल ठसा दिसला म्हणजे तो कागद कुणीतरी वाचलाच असेल, असे समजू नका. मला डोळे नाहीत, मी रबर आहे. तुम्हाला आहेत. आणि एखादी बाई लाल पेनाने "चूक" लिहून पाठवेल, तेव्हा रागावू नका; तिला आधी पाणी द्या.