आराप चुमोंचं दुखणं आणि मी, दुधाचा तुंबा

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो. केनियातल्या बोमेतच्या टेकड्यांवर, तापरांदिच आजीच्या कुंपणावरच्या भोपळ्याच्या वेलावर मी वाढलो. तिने मला पोखरलं, वाळवलं, जळक्या काटकीचा कोळसा आतून घासला आणि दूध भरलं. काही दिवसांत ते आंबून राखाडी झालं. त्याला इथे मुरसिक म्हणतात. पाहुणे ते पिऊन मिशा पुसत आणि मी फुशारत असे.

आजीचे यजमान आराप चुमो माझे खरे भक्त. गेल्या वर्षी त्यांच्या बेंबीच्या वर जळजळ सुरू झाली. पोट रिकामं झालं की दुखायचं, जेवलं की थांबायचं आणि दोन-तीन तासांनी पुन्हा हजर. पहाटे तर त्यानेच जाग यायची. मग ते मला तोंडाला लावत. "हा तुंबाच माझा डॉक्टर," असं चारचौघांत सांगत. गुडघ्यासाठी दुकानातल्या गोळ्याही उपाशीपोटी चालू होत्या. ते कौतुक मला फार गोड वाटे. आता लाज वाटते.

एके दिवशी त्यांना शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं.

"काही नाही गं, तुंब्यातला कोळसा उतरला," ते म्हणाले.

"मीही यातलंच पिते ना? मग मला का नाही होत काळं? कोळसा काय माणूस बघून उतरतो?"

"तुला भांडायला कोळसासुद्धा पुरतो."

"उठा आधी. चेलंगत, दवाखान्यात जायला मोटारसायकलवाल्याला बोलाव गं."

उठताना त्यांना घेरी आली. चेलंगतने, त्यांच्या लेकीने, सावरलं नसतं तर ते पडलेच असते. माझ्यावरचा आळ खोटा आहे हे मला ठाऊक होतं, पण तोंड असून बोलता येईना. फार जीव तुटला माझा.

दहा दिवसांनी ते दवाखान्यातून परतले. चेलंगत शेजारणीला सांगत होती, "आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण होता. काळं होतं ते रक्त. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी दुखतं आणि खाल्लं की थांबतं, तेव्हाच आणायला हवं होतं. आणखी उशीर झाला असता तर बाबा हाती लागले नसते."

आता त्यांच्या व्रणाच्या गोळ्या आजी मोजून देते. गुडघ्याच्या गोळ्यांनीच व्रण वाढवला असं डॉक्टरांकडून कळल्यावर तिने त्या चुलीत टाकल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी असं घोटभर दुधावर दुखणं गप्प करत असेल, तर त्यांना दवाखान्यात न्या. मी ते दुखणं नुसतं निजवत होतो. माझं कौतुक करता करताच तो माणूस जाणार होता.