पिवळ्या खोक्याचे दिवे

शाळा सुरू होते त्या दिवशी आमच्या गावातली यच्चयावत मुलं नवे बूट घालून रस्त्याच्या कडेला उभी असतात, आणि माझी नातवंडं पायजम्यात पॅनकेक खात असतात. हा त्यांच्या घरचा सण आहे. मुलांना घरीच शिकवणारी जी चार-दोन कुटुंबं इथे तळ्याकाठी आहेत, ती सगळी हा सण पाळतात. सकाळी फाटकापाशी टेबल मांडायचं, पॅनकेकवर हवा तेवढा पाक ओतायचा, आणि शाळेची बस आली की तिला हात करायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं, कारण ती बस मीच चालवत होते.

उभा जन्म मी ती पिवळी बस चालवली. जूनमध्ये निवृत्त झाले, आणि तेव्हापासून लेकीच्या अंगणापलीकडच्या छोट्या घरात बसून तिच्या संसारात नाक खुपसते. हे तिचं म्हणणं आहे. माझं म्हणणं असं, की खिडकीतून सगळं दिसतं, त्याला मी काय करू?

या वर्षीच्या सणाला कारिन, म्हणजे माझी लेक, घरी नव्हती. तिची दाढ सुजली होती आणि डुलूथ शहरातल्या दातांच्या डॉक्टरकडे दिवस मोडणार होता. वेड नावाचा माझा जावई गोदीवर कामाला गेला होता. गाल धरून कारिन गाडीपाशी उभी राहिली.

"आई, आज एकच कर. त्यांना काही शिकवायला जाऊ नकोस."

"मग काय करू? त्यांच्याकडून शिकू?"

"जमलं तर बघ." मग तिचा आवाज जरा खाली आला. "टिल्डा सात वर्षांची झाली. शाळेत घालतोय की घरी ठेवतोय, ते आता सरकारला कळवावं लागेल. वेड म्हणतो तू ठरव, आणि मला रात्रभर झोप नाही. अजून धड वाचत नाही ती. मी तिचं वाटोळं तर करत नाहीये ना?"

मी तोंड उघडलं, तसा तिने हात वर केला.

"आत्ता नको. तू दोन वर्षं एकच टुमणं लावलंयस, ते मला पाठ आहे. तू आयुष्यभर मुलं पाहिलीस. आज नुसती खेळ त्यांच्याबरोबर, आणि संध्याकाळी सांग. तू म्हणशील तसं करू."

ती गेली आणि मी मनातल्या मनात हात चोळले. माझं उत्तर तयारच होतं. नात शाळेत जाणार, चार मुलांत मिसळणार, वेळेवर जेवणार, वेळेवर वाचणार. दिवसभर खेळायचं ते केवळ लेकीचा मान राखायचा म्हणून.

तळ्यावरून धुकं वर येत होतं. आमचं तळं म्हणजे समुद्रच, पलीकडचा काठ कुणी पाहिलेला नाही. त्या धुक्यात बर्चची झाडं अर्धीच दिसत होती, आणि फाटकापाशी टिल्डा आणि चार वर्षांचा सोरेन ब्लूबेरी घातलेले पॅनकेक खात बसले होते. सोरेनच्या कपाळावरही पाक होता. तो तिथे कसा पोचला ते देव जाणे.

"आली!" टिल्डा म्हणाली. मला अजून काही ऐकू आलं नव्हतं.

मग धुक्यातून ती आली. माझी बस. स्टिअरिंगवर एक तरुण पोरगा बसला होता, दोन्ही हात घट्ट, नजर समोर, नव्या माणसाने चालवावी तशी. टिल्डा बाकावर चढली आणि तिने जोरजोरात हात हलवला. बस सरळ निघून गेली. टिल्डाचा हात तसाच वर राहिला. मग तिने तो खाली घेतला, बाकावर बसली, आणि पॅनकेक बाजूला सारला.

खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं. पुरावाच हाती लागला होता.

"तुला त्या बसमध्ये बसावंसं वाटतं ना गं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

झालं. सकाळच्या कॉफीआधीच निकाल लागला. कारिनला लगेच फोन करावा असं वाटलं, पण ती तोंड उघडून खुर्चीत पडली असणार. मी टेबल आवरायला घेतलं.

आवरून येते तो दोघं गॅरेजमधून नव्या फ्रीजचं रिकामं खोकं ओढत आणत होती.

"बस करायची," टिल्डाने जाहीर केलं.

मी मनाशी म्हटलं, बघा, पोरीच्या डोक्यातून जात नाहीये. वेडच्या कपाटात पिवळा रंग सापडला. टिल्डाने खोकं रंगवलं, सोरेनने स्वतःचं पोट रंगवलं. मी खुर्ची टाकून नुसती बघत बसणार होते. पण जिने आयुष्यभर बस चालवली, तिला कुणी मागच्या दाराशिवाय बस करताना बघवतं का?

"आणि आग लागली तर? मुलं कुठून उतरणार?"

"खिडकीतून," सोरेन म्हणाला.

"खिडकीतून म्हणे! आण इकडे ती सुरी."

मग मी बसलेच गवतात. मागचं दार कापलं. आरसे हवेत म्हणून दोन पातेल्यांची झाकणं बांधली. बाजूला लाल 'थांबा'ची पाटी हवी, ती उघडझाप करणारी हवी. जरा वाकडी झाली तेव्हा मी ती फाडून पुन्हा केली, आणि टिल्डा म्हणाली, "आजी, तू किती हट्टी आहेस गं!" माझ्या बसचा आकडा तिने पुढच्या बाजूला काढला, दोन्ही अंक उलटे. आरशात बघावे तसे. मला ते सुधारायचे होते. हात शिवशिवत होते अगदी. पण शिकवायचं नाही असं कारिनने बजावलं होतं. शेवटी टिल्डाने दोन टॉर्च मागितले आणि पुढे चिकटपट्टीने बसवले.

धुकं विरलं आणि बस निघाली. वाळत घातलेल्या चादरी म्हणजे तळं होतं, आम्ही त्याच्या तळाशी गेलो. तिथे मासे चढले. मासे म्हणजे सोरेन. तोच पुढच्या थांब्यावर उतरायचा आणि अस्वल होऊन परत चढायचा. खरी कोंबडी एक चढली, ती मात्र उतरायला तयार नव्हती. एका थांब्यावर कुणीच नव्हतं, तरी टिल्डा थांबून राहिली.

"चल की, उशीर होतोय," मी मागून म्हटलं.

"गोगलगाय येतेय. ती निघालीये घरून."

खरोखरच गवतातून एक गोगलगाय येत होती. तिला यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ आम्ही थांबलो. कसला आवाज नव्हता. चादरी हलत होत्या, त्यांतून ऊन पिवळं, मग पांढरं, मग पुन्हा पिवळं होत होतं. किती वाजले ते मला माहीत नव्हतं, आणि असं मला कधी झालं होतं ते आठवेना.

सूप आम्ही बसमध्येच प्यालो. सोरेन मग बाहेर येऊन अस्वलासारखा आडवा झाला आणि झोपला. टिल्डा आणि मी गवतात पाठ टेकली.

"शाळेत काय करतात?" तिने विचारलं.

"अगं, पुष्कळ..." मी म्हटलं आणि थांबले. मी दारापर्यंतच जायचे. दार उघडायचं, मुलं उतरायची, दार लावायचं. "मला काय ठाऊक बाई. मला मुलं जाताना-येतानाच दिसायची. सकाळी पेंगुळलेली असायची. संध्याकाळी नुसता धिंगाणा, गाणी."

"घरी जायचं म्हणून?"

मी डोळे मिटले. अर्धवट झोपेत मी पुन्हा स्टिअरिंगवर होते. वळण आलं, पोस्टावरचा झेंडा आला, वाकडं पाइनचं झाड आलं, मग हे फाटक, आणि फाटकात एक चिमुरडी पायजम्यात उभी. इथे मी रोज समोरचे दिवे दोनदा लुकलुकवायचे. नियमात बसत नव्हतं ते. पण माझ्या नातवंडांना शाळेत घालत नाहीत याचा राग असूनही ते करावंसं वाटायचं, आणि केलं की पुढचा सगळा रस्ता बरा जायचा.

"आजी! उठ. आता तू इथे उभी राहा."

ती मला हाताला धरून बर्चपाशी घेऊन गेली. माझ्या हातात सकाळचं उलथणं दिलं.

"हे बघ, बस चालवायची तर मी चालवणार," मी म्हटलं. "मला येते."

"नाही. आज तू रस्त्यावरची. हलू नकोस."

तिने खोकं खांद्यावर उचललं. सोरेन उठून डोळे चोळत तिच्या मागे मागच्या दारातून शिरला. पिवळं खोकं चार पायांनी शेडच्या मागे गेलं आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू आलं. माझ्यासमोर आल्यावर दोन्ही टॉर्च लागले, विझले. लागले, विझले.

मी बघतच राहिले.

"हात कर ना, आजी!" खोक्यातून आवाज आला.

मी हात केला. बस गेली, शेडला वळसा घालून पुन्हा आली, पुन्हा दोनदा दिवे. तिसऱ्या फेरीला टिल्डाने खोक्यातून डोकं बाहेर काढलं. केसांना पिवळा रंग लागला होता.

"त्या नव्या दादाला माहीतच नाही, इथे दिवे लावायचे असतात," ती म्हणाली. "आता तू रोज आमच्याबरोबर इथेच उभी राहणार. तुला दिवे कोण लावणार मग? म्हणून मी."

"पण तू तर सकाळी म्हणालीस, तुला त्या बसमध्ये बसायचंय."

"तुझ्या बसमध्ये," ती म्हणाली. "तू होतीस तेव्हा. आता त्यात कोण आहे?"

मी रडले. उलथणं हातात धरून, भर दुपारी, अंगणात. जूनमध्ये त्यांनी केक कापला, चाव्या घेतल्या, तेव्हा रडले नव्हते. दोन वर्षं मी म्हणत होते की या पोरीचं काहीतरी राहून जातंय, आणि आज तिला माझं राहून गेलेलं दिसलं होतं. माझ्या खिडकीतून मला ते दिसलं नाही.

"रंग डोळ्यात गेला का?" सोरेनने विचारलं.

"गेला थोडा," मी म्हटलं. "चला, बस उशिरा पोचेल."

कारिन आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तिचा अर्धा चेहरा बधिर होता आणि शब्द ओठाबाहेर घरंगळत होते. तिने फाटकातच गाडी थांबवली, काच खाली केली, आणि अंगणाकडे बघायचं टाळून माझ्याकडे बघितलं.

"सांग," ती म्हणाली. "मी दिवसभर तयारी केलीये. शाळा, ना?"

"घरीच ठेव," मी म्हटलं. "आणि मलाही. उद्यापासून सकाळचे पॅनकेक माझ्याकडे."

"आई, दाढ माझी काढलीये. तुला काय दिलं त्यांनी?"

मी उत्तर देणार होते, पण शेडमागून पिवळं खोकं येत होतं. ते आमच्यासमोर थांबलं. टॉर्चमधले सेल आता संपत आले होते. दिवे मंद लागले, विझले. लागले, विझले.

कारिनच्या आधी माझा हात वर गेला.