डिग्रीसाठी गुडघे टेकले

आमच्या कोट्टयमकडे भांडायची खरी जागा म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. येशूच्या तसबिरीपुढे गुडघे टेकायचे आणि प्रत्येकानं मोठ्यानं आपापलं मागणं मागायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मागणं कितीही झोंबणारं असो, बाकीच्यांनी "ऐक, प्रभू" म्हणायचंच. एवढी सोय असताना जेवताना कोण कशाला भांडेल?

बारावीनंतर मला दोन्हीकडे जागा मिळाली होती. इथल्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, नाहीतर मंगळूरला चार वर्षांची डिग्री. मला मंगळूर हवं होतं, इतकं की आंघोळ करतानाही मी कानडीत आकडे घोकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी एका जागेला होकार कळवायचा होता, आणि चाचन, म्हणजे माझे वडील, डिप्लोम्यावर अडून बसले होते.

त्या संध्याकाळी प्रार्थनेत सुरुवात त्यांनीच केली. "देवा, आमच्या लिन्सीला सुबुद्धी दे. डिप्लोमा सायकलच्या अंतरावर आहे. इंजेक्शन काय, दोन्हीकडचं सारखंच टोचतं."

"ऐक, प्रभू," आम्ही म्हणालो. अम्मानं दातओठ खात म्हटलं.

अम्मा स्वतः डिप्लोमावाली नर्स. "देवा, माझ्यामागून आलेल्या डिग्रीवाल्या पोरी माझ्या साहेब झाल्या, आणि मी अजून रात्रपाळ्याच करतेय. तुला हे ठाऊक आहेच. ह्यांनाही जरा आठवण करून दे."

"ऐक, प्रभू." चाचनचा आवाज जरा खाली आला.

मग स्टुलावरचा फोन बोलू लागला. आत्या आयर्लंडमध्ये नर्स आहे, पण प्रार्थनेला रोज हजर. "देवा, माझ्या दादाला सांग, मंगळूर काही चंद्रावर नाही. रेल्वे जाते तिथे. मी इथे आले तेव्हा तर..." आत्या सुरू झाली की गुडघ्यांची वाट लागते. चाचन खोकले तेव्हा कुठे ती थांबली.

आता माझी पाळी. हसू फुटेल की रडू तेच कळेना. पाठ केलेलं सगळं भाषण विसरले.

"देवा, मला मंगळूरला जाऊ दे. मला डिग्रीच करायचीय. आणि चाचन मला गाडीत बसवायला येतील तेव्हा त्यांना रडू आवरू दे."

"ऐक, प्रभू." सगळ्यांत मोठा आवाज चाचनचा. जन्माची सवय ती, मागणं संपलं की तोंड आपोआप उघडतं.

आम्ही माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"ते सवयीनं निघालं," चाचन म्हणाले. "धरायचं नाही."

"अहो, देवासमोर म्हटलेलं मागे घेताय?" अम्मा म्हणाली आणि फस्सकन हसली. आत्या तिकडे खिदळायला लागली. मग मलाही आवरेना, हसता हसता मी जमिनीवर बसकणच मारली.

चाचन मात्र गुडघ्यांवरच होते. मुंडूच्या, म्हणजे नेसलेल्या लुंगीच्या, टोकानं डोळे पुसत होते.

"जा पोरी, कळव मंगळूरला," ते म्हणाले. "तुझं पहिलं मागणं ऐकलंय त्यानं. दुसरं काही त्याला जमेलसं दिसत नाही."