चालता धुरा

करडी गावच्या भय्याजीला अख्खी पोथी पाठ होती आणि तिचा त्याला आजवर काडीचाही उपयोग झाला नव्हता.

रोज सकाळी सहाला आंघोळ करून, कपाळावर गंध ओढून तो अंगणातल्या तुळशीपुढे बसायचा. बायको सुशीलाबाई समोर मोबाईल धरायची. भय्याजी गळा ताणून एक श्लोक म्हणायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि शेवटी हात जोडून म्हणायचा, "आवडलं तं समोर पाठवा जी." गावच्या भक्तीच्या ग्रुपात दोनशे एकतीस माणसं. त्यातली दोनशे न ऐकताच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायची, आणि त्या हातांवर भय्याजीची छाती वीतभर फुगायची. यंदाच्या सप्ताहात तर शनिवारचं प्रवचन त्याला मिळालं होतं. पहिल्यांदाच. मंडप, माईक, गादी, लोड, गळ्यात हार. विषय होता परक्याच्या धनाचा लोभ.

घोळ झाला तो क्रोधाच्या श्लोकात. 'क्रोध हा माणसाचा वैरी' असं भय्याजी डोळे मिटून सांगत असताना एक बकरी येऊन तुळस खाऊ लागली. डोळे उघडले तसा त्याने तांब्या फेकला आणि बकरीच्या सात पिढ्यांतल्या बायका एका दमात उद्धारल्या. मोबाईल चालूच होता. सुशीलाबाईने तो बंद केला आणि पदराखाली ठेवला.

"उद्यापासून मी मोबाईल नाही धरत."

"काहून?"

"जे तुमी करत नाही, ते मी कायले काढू? पयले एक दिवस करून दाखवा, मंग बोला. मी दोन घंटे धरून उभी राहीन."

"पोथी सांगाची असते, वेडे. सगळंच कराले लागलो तं संसार कवा करू?"

"मंग संसाराचाच व्हिडिओ काढा."

भय्याजीने स्वतः मोबाईल धरून पाहिला, तर पडद्यावर नुसत्या नाकपुड्या आल्या. तीन दिवस व्हिडिओ नाही. ग्रुपात लोक विचारू लागले, "महाराज, तब्येत बरी हाये ना?" एकाने तर घाईत श्रद्धांजलीही वाहून टाकली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, त्याने माघार घेतली. "ठीक हाये. शनिवारचा विषय लोभाचा. तो मी आजच जगून दाखवतो. सोपा हाये. आजपावेतो कोनाच्या काडीले हात नाही लावला."

सुशीलाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"आन धुरा?"

भय्याजी खाली सांडलेले तांदूळ वेचून सुपात टाकू लागला.

धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला, धानाच्या दोन खाचरांमधला मातीचा बांध. इकडची धानाची बांधी माझी, तिकडची तुझी, मधला धुरा दोघांचा. कायदा एवढाच. पण उन्हाळ्यात धुरे नीट करायच्या नावाखाली माणूस आपल्या बाजूने दोन बोटं माती कोरतो आणि ती पलीकडच्या बाजूला थापतो. धुरा तेवढाच जाड राहतो, फक्त दोन बोटं सरकतो. दोन बोटं कोणाला दिसत नाहीत. पुढल्या साली आणखी दोन. गावात ह्याला कोणी चोरी म्हणत नाही. गावातला एकही धुरा बापजाद्यांनी ठेवला तिथे नाही, देवाच्या नावावरच्या शेताचासुद्धा नाही. देव तक्रार करत नाही म्हणून त्याचं जरा जास्तच गेलं आहे.

भय्याजीचा धुरा बाप मेला त्या सालापासून चालत होता. एकोणीस साल, दोन-दोन बोटं. म्हणजे दीड हात आणि वर दोन बोटं. हे सगळं गेलं होतं चंद्रभागाबाईच्या बांधीतून. चंद्रभागाबाई विधवा, वयाने भय्याजीहून मोठी, आणि आवाज असा की गावाच्या ह्या टोकाला शिवी दिली तर त्या टोकाचा माणूस मागे वळून पाहायचा.

गुरुवारी दुपारी गाव लग्नाच्या पंगतीला गेलं होतं. भय्याजी फावडा घेऊन बांधीवर आला. मे महिन्याचं ऊन, माती विटेसारखी. धुरा परत न्यायचा तर काम उलटं करावं लागतं. चंद्रभागाबाईच्या बांधीत उभं राहून, तिच्या बाजूने धुरा कोरायचा आणि माती स्वतःच्या बांधीत टाकायची. तेच तो करत होता. शनिवारी गादीवर बसून 'बंधूंनो, मी आधी केलं, मग सांगतो' हे वाक्य कोणत्या सुरात म्हणायचं याचीही तालीम मनात चालू होती. म्हणजे लोभ सोडतानाही हाराचा लोभ होताच. पण फावडा खरा चालत होता, हेही खरं.

एक-तृतीयांश धुरा झाला आणि मागून आवाज आला.

"अगा माय! माह्या बांधीत उभा राहून माहा धुरा कोरते! अन् माती आपल्या घरात भरते! धावा रे धावा!"

"वहिनी, ऐका तं—"

"काय ऐकू? रोज सकाळी ऐकतोच ना आमी तुहं! पोथीवाल्या चोरा!"

पंगतीतून उठलेली माणसं हात न धुता धावत आली. त्यांत नत्थू होता. नत्थूने आयुष्यात दुसरं काही वेळेवर केलं नाही, पण मोबाईल वेळेवर काढला. भय्याजी परक्या बांधीत, हातात फावडा, कपाळावर गंध. खाली लिहिलं, 'आजचा श्लोक'. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तुमसरच्याही पलीकडे गेला. भय्याजीचा स्वतःचा कोणताही व्हिडिओ इतका लांब गेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. तंटामुक्तीचा अध्यक्ष सेवकराम, सप्ताह कमिटीचा अध्यक्षही सेवकराम, आणि ग्रुपाचा मालकही तोच.

"चंद्रभागाबाई, तुमचं म्हननं काय?"

"माहा धुरा होता तिथं ठेवून दे म्हना. एक बोट इकडं नको, एक बोट तिकडं नको. परवा होता तसा."

"झालं तं मंग!" सेवकरामने मांडीवर थाप मारली. "भय्याजी, चार लोकात माफी मागा. धुरा परवा होता तसा करून द्या. नत्थू व्हिडिओ काढून टाकीन. अन् उद्या गादीवर या, तुमच्या नावाचा बोर्ड लागला हाये."

आता पाहा गंमत. जी चोरी तो करत नव्हता तिची माफी मागितली की सगळं मिळत होतं. इज्जत, गादी, हार, वर चोरलेला दीड हातही. आणि ज्या बाईची जमीन, तीच बाई 'ठेव तुझ्यापाशी' म्हणून छाती पिटून सांगत होती. इतकी सोय तर पोथीतल्या राक्षसांनाही कोणी करून दिली नसेल.

भय्याजीने हात जोडले. 'चुकलं' हा शब्द ओठावर आला. त्याने बायांच्या घोळक्यात सुशीलाबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. त्या दीड हातातला भात तिनेही एकोणीस साल रांधला होता, खाल्ला होता.

"परवा होता तसा नाही करत," भय्याजी म्हणाला.

"म्हनजे?"

"एकोनीस वर्षापयले होता तिथं नेऊन राहिलो. दीड हात सरकवला मी. दरसाल दोन बोटं. वहिनीचं वहिनीले देऊन राहिलो होतो."

पारावरच्या चौघांनी चपला पायात सरकवल्या. मग मागून एक पोरगा बोलला, "मंग सरकारी मोजनीच आना ना! साऱ्या गावाचीच होऊन जाऊ द्या!"

"चूप बैस बे!" सात-आठ जण एकदम ओरडले. सगळ्यात मोठ्याने सेवकराम. देवाच्या शेताला लागून त्याचीच बांधी होती.

चंद्रभागाबाई मात्र ओरडली नाही. ती पाराच्या पायरीवर बसली.

"दरसाल रोवन्याले पऱ्हे उरायचे," ती हळू बोलली. पऱ्हे म्हणजे लावणीची धानाची रोपं. "आमच्या घरवाल्यानं बांधीच्या मापानं टाकलेले पऱ्हे. दरसाल जास्त जास्त उरायचे. मी म्हनो, ह्या मानसाले अंदाज नाही. रोवन्याच्या बायांसमोर म्हनो, बुद्धू हाये म्हनो. तो म्हने, 'हो वो, माहाच अंदाज चुकते.'" ती पायरीवरची माती हाताने झटकू लागली. "तीन वर्ष झाले त्याले जाऊन. बुद्धूच म्हनून गेला. आता त्याले कोन सांगन, भय्याजी?"

ह्याच्यावरही पोथीत श्लोक असेल. भय्याजीला आठवला नाही. आठवला असता तरी तो म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

सेवकरामने घसा साफ केला. "चोरानं कबूल केलं, बरं केलं. पन चोराले गादीवर नाही बसवता येत जी. उद्या मधुकरराव बोलतीन." मधुकररावाच्या कंपाउंडने अर्धा गावरस्ता गिळला होता. पण त्याने कधी कबूल केलं नव्हतं, म्हणून तो सज्जन.

शनिवारी मंडपातला भोंगा बांधीपर्यंत ऐकू येत होता. मधुकरराव लोभावर घसरला होता. भय्याजी कोरत होता, सुशीलाबाई टोपल्यात माती भरून पलीकडे टाकत होती, आणि चंद्रभागाबाई दोरी धरून उभी होती. बांधीच्या टोकाला पळसाचा जुना खुंट होता. भय्याजीच्या बापाने धुरा तिथूनच दाखवला होता. दुपार कलली तेव्हा धुरा खुंटाच्या रेषेत आला.

"झालं, वहिनी. इथंच होता."

"अजून दोन बोटं."

"ह्याच्यापुढचं माहं हाये."

"असू दे ना. ऐकून राहिला नाही का? लोभ करू नये म्हनते तो."

आधीचा भय्याजी असता तर त्याने हात जोडून दोन बोटं दिली असती आणि त्यावर पाच मिनिटं बोलला असता. त्याने फावडा आपटला.

"नाही देत! तुमचं होतं ते देल्लं. माह्यातलं एक बोट नाही देत!"

"एकोनीस वर्ष माहं खाल्लं तवा?"

"खाल्लं! कबूल हाये! गावासमोर कबूल हाये! पन हे दोन बोटं माह्या बापाचे!"

"ओरडतो कोनावर?"

"तुमच्यावर!"

दोघं इतके भांडले की भोंग्यातला मधुकरराव ऐकू येईना. सुशीलाबाई टोपलं उपडं करून त्यावर बसली आणि पाणी प्यायली. शेवटी चंद्रभागाबाई खाली वाकली, खुंटापासून तिने स्वतःच्या हाताने मोजलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग उठली, कंबरेवर हात ठेवून.

"बरं. इथंच राहू दे. पन पावसाळाभर मी रोज पाहाले येईन."

"या."

"रोज म्हनते मी."

"या ना जी, कोन नाही म्हनते!" भय्याजी म्हणाला, आणि कोरलेली माती पायाने धुऱ्यावर दाबू लागला.